सावड

तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत
मी तिच्यासाठी ‘मी’ म्हणायचे.
दुभाष्याचा नियमच तसा:
‘बाई म्हणतात की’ असं म्हणायचं नाही,
सरळ तिचं तोंड व्हायचं.
तासाला अठ्ठावीस डॉलर, पार्किंगचे वेगळे.

फोर्तुनाता चोके, वय एकेचाळीस.
पोतोसीच्याही वर गाव,
जिथं बटाटे रात्री थंडीत गोठू देतात
आणि सकाळी अनवाणी तुडवून त्यातलं पाणी काढतात.
शेजारी सेवेरिनो, खाणीनं परत केलेला नवरा.
आठवड्याला दोनदा डायलिसिस,
तेही बसभाडं जमलं तर.

हॉल्वरसनबाईंनी विचारलं
(भल्या बाई; हिच्यासाठी घरून लोकरीचे मोजे आणले होते)
हे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं करताय ना?

क्वेचुआत मी मर्जीला शब्द शोधला.
मिळाला तो मुनाय.
आमच्यात हवं असणं आणि जीव असणं
एकाच क्रियापदात राहतात, भिंत नाही मध्ये.
तेव्हा तिला ऐकू गेलं:
जीव आहे म्हणून देतेस ना?
ती हसली. हा काय प्रश्न झाला?
आणि मी इंग्रजीत म्हणाले,
होय, मी स्वखुशीनं देते आहे.
त्या वाक्यापुढे तिनं अंगठा नव्हे, सही केली,
एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं.

मग तिनं विचारलं,
माझं रक्त तर ह्यालाच चालतं.
सूक्रेच्या डॉक्टरनं सांगितलंय.
मग माझी किडनी त्या दुसऱ्या माणसाला का?

दुसरा माणूस डुलुथचा, शाळेची बस चालवून निवृत्त.
त्याच्या बायकोचं रक्त त्याला चालत नाही.
फोर्तुनाताचं सगळ्यांना चालतं.
हिची त्याला, त्याच्या बायकोची सेवेरिनोला;
त्याचं डायलिसिस सुटलं की जे पैसे वाचतील
त्यांत ह्यांचं ऑपरेशन, विमान, पाच वर्षांच्या गोळ्या.
म्हणजे न जुळणारं रक्त त्यांचं होतं.
ह्यांचं फक्त पैशाशी जुळत नव्हतं.
हे मी जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही.

ती बराच वेळ मोज्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, हां. आय्नी.

आय्नी म्हणजे सावड.
आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या.
कुणी वहीत लिहीत नाही.
गाव एवढंसं, न आलेला माणूस
सगळ्यांना बांधावरून दिसतो.
मी म्हणाले, एक्सचेंज.
हॉल्वरसनबाईंनी मान डोलावली, टिपून घेतलं.
शब्द बरोबर होता. त्यात शेजार नव्हता.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये
दोघी समोरासमोर आल्या,
ही आणि बसवाल्याची बायको, कॅरिन.
दोघींच्या पोटाशी हॉस्पिटलची एकसारखी उशी,
खोकला आला की दाबून धरायला.
दोघी एकाच बाजूला वाकलेल्या.
कॅरिन खोकली. हिनं आपली उशी आवळली.
मला वाटलं आता काहीतरी बोलतील,
मी घसा साफ करून तयार राहिले.
कुणीच काही बोललं नाही.
त्या अर्ध्या तासाचेही पैसे मला मिळाले.

त्याला आता साडेचार वर्षं झाली.
सेवेरिनो चुलत भावाच्या गोदामात पोती मोजतो.
बसवाला, ऐकते, नातवाला मासे पकडायला नेतो.
दोन माणसं जिवंत आहेत.
कुणी ह्या व्यवहाराला पाप म्हटलं
की मी ह्या दोघांची नावं घेते.
कुणी पुण्य म्हटलं तर मात्र गप्प बसते.

परवा फोर्तुनाताचा आवाज आला फोनवर,
मागे कोंबडा, कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
गोळ्यांचे सात डबे उरलेत, म्हणाली.
पोतोसीच्या दुकानात एका डब्याची किंमत विचारली,
मग दुकानदारालाच परत विचारली.
तिकडे विचार ना, सहाव्या वर्षाची आय्नी
कुणाच्या दारात जाऊन मागायची?

हॉल्वरसनबाई आता तिथं नाहीत.
कार्यक्रमाचं नाव बदललंय, पत्ता तोच.
आज मला तासाचे पैसे कुणी देत नाही,
म्हणजे नियमही लागू नाही.
‘ती विचारते आहे’ असं लिहिता आलं असतं.
मी लिहिलं:
महोदय, माझ्या नवऱ्याच्या गोळ्या संपत आल्या आहेत.
मी माझी किडनी तुमच्या देशात ठेवून आले आहे.